घरात मेडिकल इमर्जन्सी आली की रजा कशी मागायची, आणि मिळालेली कशी पुरवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांना अचानक स्ट्रोक आलाय, आयसीयूमध्ये आहेत, आई वयस्कर, बहीण दुसऱ्या शहरात, आणि विचारणाऱ्या ताईंना या नोकरीत लागून आठच महिने झालेत. मॅनेजर म्हणाला "बघ तुला कसं जमतंय ते", म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही. किती दिवस मागायचे, सरळ महिनाभराची रजा टाकायची का, की राजीनामाच देऊन मोकळं व्हायचं असं त्यांनी विचारलंय.

मी बरीच वर्षं एचआरमध्ये आहे आणि रजेचे अर्ज, त्यावरून होणारे वाद, कामावर परत आल्यावरचे प्रॉब्लेम हे सगळं माझ्याच टेबलावर येतं. त्यामुळे ताई, आधी मुख्य गोष्ट सांगते आणि मग बाकीचं. ऑफिसला कळवायचं ताबडतोब, अगदी आजच, पण सगळी रजा आत्ताच खर्च करायची नाही. आणि राजीनामा या आठवड्यात अजिबात नाही, त्याचं कारण पुढे देते.

रजा राखून ठेवा असं का म्हणतेय ते नीट समजून घ्या, कारण ऐकायला हे थोडं निष्ठुर वाटतं. पेशंट आयसीयूत असताना त्याची सगळी काळजी नर्स आणि डॉक्टर घेतात, घरच्यांना भेटायला ठराविक वेळ मिळते, तीही थोडी मिनिटं. बाहेर एक माणूस लागतो, सह्या करायला, औषधं आणून द्यायला, डॉक्टर बोलावतील तेव्हा समोर असायला. एक. पण होतं काय तर मुलगा, मुलगी, सून, जावई सगळेच एकदम रजा टाकून कॉरिडॉरमध्ये बसतात, कारण घरी बसवत नाही आणि ऑफिसात लक्ष लागत नाही, हे मला पूर्ण कळतं. मग पेशंट वॉर्डमध्ये येतो, तिथे दिवसरात्र कोणीतरी जवळ लागतं. आणि मग डिस्चार्ज होतो आणि खरं काम तिथून सुरू होतं, नाकातल्या नळीतून दर काही तासांनी फीड, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, बेडसोअर होऊ नये म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं, फिजिओथेरपिस्टने दाखवलेले व्यायाम, दहा औषधांच्या दहा वेळा, बोललेलं समजत नाही म्हणून पेशंटची होणारी चिडचिड. स्ट्रोकनंतर सगळ्यात जास्त सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते असं न्यूरोलॉजिस्ट आणि फिजिओ दोघंही सांगतात, म्हणजे घरच्यांच्या हातांची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच. आणि नेमकं त्या वेळी रजेच्या खात्यात शून्य असतं. हे मी इतक्या लोकांच्या बाबतीत बघितलंय की आता कोणाचा असा फोन आला की पहिलं वाक्य हेच असतं माझं, आज काय करायचं ते बोलू पण डिस्चार्जनंतरचे दिवस आत्ताच बाजूला काढून ठेवा.

याला एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं असेल की पुढचे दोन-तीन दिवस भरवशाचे नाहीत, घरच्यांना बोलावून घ्या, तर हा सगळा हिशोब बाजूला ठेवा आणि जा. शिल्लक रजा, मंजुरी, प्रोबेशन, कशाचाही विचार करू नका, ऑफिसचं नंतर निस्तरता येतं. हे मी एचआरवालीच सांगतेय.

आता कळवायचं कसं. लोक इथे दोन टोकांना जातात. एक म्हणजे दोन ओळींचा मेसेज, "फॅमिली इमर्जन्सी आहे, येऊ शकत नाही", आणि मग फोन बंद. दुसरं म्हणजे सगळे रिपोर्ट, एमआरआयचा फोटो, काय काय झालं त्याची अख्खी कहाणी. मॅनेजरला यातलं फार थोडं लागतं. काय झालंय हे एका वाक्यात, तुम्ही कुठल्या तारखेपर्यंत नाही, पुढचं कधी कळवणार, आणि आज-उद्या काय अडणार आहे. बस. असं काहीतरी लिहा: "सर, वडिलांना आज पहाटे स्ट्रोक आला, आयसीयूमध्ये आहेत. मी आज आणि उद्या येऊ शकणार नाही. परवा सकाळी डॉक्टरांशी बोलून दुपारपर्यंत पुढचं कळवते. क्लायंटचा रिपोर्ट शेअर्ड फोल्डरमध्ये आहे, शेवटची दोन पानं राहिलीत, ती कोणाला देता आली तर बघा. फोन सायलेंटवर असेल, अर्जंट असेल तर मेसेज टाका, मी संध्याकाळी बघेन." आधी फोन करा, फोनवर माणूस माणसाशी बोलतो, त्याचा आवाजच वेगळा होतो. पण फोन झाल्यावर हेच मेलवर पण टाका आणि एचआरला कॉपीत ठेवा, पोर्टल असेल तर तिथेही अर्ज भरा, रात्री बसून का होईना. मॅनेजर चांगला असतो हो, पण दोन महिन्यांनी त्याची बदली होते आणि नवीन माणसाला सिस्टीममध्ये फक्त "गैरहजर" दिसतं. तोंडी मंजुरीवर राहिलेले लोक नंतर पगारकपातीसाठी भांडताना मी सतत बघते, आणि त्यांची बाजू खरी असूनही दाखवायला कागद नसतो.

त्या मेसेजमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे "परवा दुपारपर्यंत कळवते". आजारपण किती चालेल हे तुम्हाला माहीत नाही आणि ते माहीत असावं अशी कोणाची अपेक्षाही नसते, पण पुढची बातमी कधी येणार हे समजलं की टीम निश्चिंत होते. "काहीच सांगता येत नाही" या वाक्यावर मॅनेजर घाबरतो आणि घाबरलेला मॅनेजर रोज फोन करतो. तारीख द्या, त्या तारखेला नवीन काही कळलेलं नसलं तरी "अजून तसंच आहे, आता शुक्रवारी सांगते" एवढं तरी कळवाच. कॅन्सर किंवा कोमासारखं लांबणारं दुखणं असेल तर हे जास्तच लागू होतं. बेमुदत रजा कुठलीच कंपनी मनापासून देत नाही, पण आठवड्या-आठवड्याने पुढे सरकणारी रजा बहुतेक ठिकाणी निभावून नेतात.

पण तुम्ही तारीख देणार कशावरून? म्हणून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तयार ठेवा. "बाबा बरे होतील ना" हे तर विचारालच, पण त्याबरोबर हे विचारा, साधारण किती दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागेल, पुढचा मोठा निर्णय कधी घेणार, आणि घरी गेल्यावर त्यांना स्वतःचं काय काय करता येणार नाही. तिसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि रजेच्या दृष्टीने तोच सगळ्यात कामाचा. डॉक्टर नेमकं सांगणार नाहीत, "बघू" म्हणतील, तरी "दोन आठवड्यांच्या आत की महिन्याच्या वर" असं विचारलं तर अंदाज देतात. याच वेळी हॉस्पिटलकडून एक पत्र मागून घ्या, पेशंट अमुक तारखेपासून ॲडमिट आहे, सोबत घरच्या माणसाची गरज आहे, आणि तुमचं नातं काय. डिस्चार्जच्या गडबडीत हे पत्र मिळवणं फार कटकटीचं होतं, ॲडमिट असताना मिळून जातं.

इथे एका गोष्टीवर मला जरा जोर देऊन बोलायचंय. बरेच जण अशा वेळी स्वतःच्या आजारपणाचं खोटं सर्टिफिकेट लावतात, कारण सिक लीव्ह शिल्लक असते आणि ती फक्त स्वतःसाठी असते असं पॉलिसीत लिहिलेलं असतं. कधीकधी मॅनेजरच सुचवतो. प्लीज करू नका. नंतर कधी खरंच तुम्ही आजारी पडलात तर तो रेकॉर्ड आड येतो, आणि मॅनेजरशी बिनसलं तर हीच गोष्ट खोटा कागद दिला म्हणून तुमच्यावर उलटते, मग तेव्हा सुचवणारा बाजूला होतो. सरळ लिहा की वडील आजारी आहेत आणि मला सिक लीव्ह यासाठी वापरू द्यावी अशी विनंती आहे. अनेक कंपन्या अपवाद म्हणून देतात, काहींच्या पॉलिसीत तर घरच्यांच्या आजारपणासाठी सिक लीव्ह चालते असं लिहिलेलंच असतं आणि कोणी वाचलेलं नसतं. आधी पॉलिसी उघडून वाचा हो, खरंच. केअरगिव्हर लीव्ह, स्पेशल लीव्ह, लीव्ह पूल म्हणजे सगळ्यांनी मिळून साठवलेली रजा, ॲडव्हान्समध्ये रजा, अशी कुठल्या तरी पानावर सोय असते आणि लोक बिनपगारी रजेवर गेलेले असतात.

कायद्याचं बघू. प्रश्नात देश लिहिलेला नाहीये आणि वाचणारे सगळीकडे आहेत, त्यामुळे ठिकठिकाणचं सांगते.

भारतात घरच्या माणसाच्या आजारपणासाठी अशी सगळ्यांना लागू होणारी वेगळी रजा कायद्यात नाही, जे आहे ते नेहमीच्या रजेतूनच भागवायचं. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायदा २०१७ प्रमाणे, ठराविक संख्येहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांत, वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा आहे, आणि वर्षात २४० दिवस काम झालं असेल तर दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस भरपगारी रजा, जी ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. तुमचे आठच महिने झालेत त्यामुळे ही दुसरी रजा कायद्याने कदाचित अजून लागू झाली नसेल, पण कंपनीची पॉलिसी कायद्यापेक्षा चांगली असू शकते, तिथे बघा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचं तुलनेने बरं आहे, जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत सरकारने स्पष्ट केलं की वर्षाला मिळणारी ३० दिवस अर्जित रजा, २० दिवस अर्धपगारी, ८ दिवस किरकोळ आणि २ दिवस ऐच्छिक सुट्टी ही वृद्ध आईवडिलांच्या देखभालीसाठीसुद्धा वापरता येते. ज्यांना वाटतं की अर्धपगारी रजा फक्त स्वतःच्या आजारपणाची, त्यांनी हे लक्षात ठेवा. आणि मूल १८ वर्षांखालचं असेल तर महिला कर्मचाऱ्यांना आणि एकट्याने मूल वाढवणाऱ्या पुरुषांना पूर्ण नोकरीत ७३० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा आहे, मुलाच्या आजारपणासाठी ती चालते.

अमेरिकेत १९९३ चा फॅमिली अँड मेडिकल लीव्ह ॲक्ट आहे, त्यात १२ महिन्यांत १२ आठवडे रजा, बिनपगारी, पण नोकरी शाबूत राहते आणि कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स चालू ठेवावा लागतो. अटी मात्र आहेत, त्या कंपनीत १२ महिने झालेले पाहिजेत, मागच्या १२ महिन्यांत १,२५० तास काम पाहिजे, आणि ७५ मैलांच्या आत कंपनीचे ५० कर्मचारी पाहिजेत, म्हणजे आठ महिनेवाल्याला तो लागू नाही. आणि या कायद्यात आईवडील, नवरा-बायको, मुलं येतात, सासू-सासरे आणि भावंडं येत नाहीत, इथे आपले बरेच लोक अडकतात, सुनेला सासूसाठी ही रजा मिळत नाही. काही राज्यांचे स्वतःचे कायदे आहेत, पगारी रजेचेसुद्धा, ते नक्की तपासा. एक चांगली गोष्ट म्हणजे वैद्यकीय गरज असेल तर ही रजा तुकड्या-तुकड्यांत घेता येते, आठवड्यातून एक दिवस किंवा दिवसातले काही तास असंसुद्धा.

ब्रिटनमध्ये नोकरीच्या पहिल्या दिवसापासून, अवलंबून असलेल्या माणसाच्या इमर्जन्सीसाठी "वाजवी" वेळ मिळायचा हक्क आहे, बिनपगारी, दिवस ठरलेले नाहीत पण हेतू तातडीची सोय लावणं एवढाच. त्याशिवाय ६ एप्रिल २०२४ पासून वर्षाला एक आठवडा केअरर्स लीव्ह आली, तीही बिनपगारी आणि पहिल्या दिवसापासून, अर्धा-अर्धा दिवस करूनही घेता येते. युरोपियन युनियनच्या २०१९ च्या निर्देशाप्रमाणे सदस्य देशांत घरच्यांच्या देखभालीसाठी वर्षाला किमान ५ कामाचे दिवस रजा. ऑस्ट्रेलियात फुलटाइम कर्मचाऱ्याला स्वतःच्या आणि घरच्यांच्या आजारपणासाठी मिळून वर्षाला १० दिवस पगारी.

जपानचं मला मुद्दाम सांगायचंय. तिथे देखभालीची गरज असलेल्या प्रत्येक घरच्या माणसामागे एकूण ९३ दिवस रजा मिळते, तीन हप्त्यांत घेता येते, आणि पात्र असेल त्याला रोजगार विम्यातून पगाराच्या ६७ टक्के भत्ता. पण तिथलं सरकार लोकांना बजावून सांगतं की हे ९३ दिवस स्वतः सेवा करण्यात घालवू नका, देखभालीची व्यवस्था उभी करायला वापरा, माणूस शोधा, सोयी लावा, आणि कामावर परत या. कारण आजारपण ९३ दिवसांपेक्षा लांब चालतं. रजेचा उपयोग कशासाठी करायचा हे मी कुठल्याही पॉलिसीत इतकं स्वच्छ लिहिलेलं वाचलेलं नाही.

आणि फ्रान्समध्ये एका कारखान्यातल्या सहकाऱ्यांनी मुलगा गंभीर आजारी असलेल्या एका कामगाराला स्वतःच्या रजेचे मिळून १७० दिवस दिले, त्यातून पुढे २०१४ मध्ये कायदाच झाला की सहकारी आपली रजा नाव न सांगता दान करू शकतात. तुमच्या कंपनीत अशी पॉलिसी नसेल तरी विचारायला काय हरकत आहे, एखाद्याच्या निमित्ताने सुरू होते आणि मग सगळ्यांसाठी राहते.

बरं, आता रजा पुरवायची कशी. तुम्ही दोघी बहिणी आहात तर दोघींनी एकाच वेळी रजा घेऊ नका. पहिले दोन दिवस ठीक आहे, दोघी या. नंतर वाटून घ्या. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांच्या राउंडची वेळ विचारून घ्या, बहुतेक ठिकाणी ती सकाळची असते, आणि त्या वेळी तिथे हजर असलेल्या माणसाला दिवसभरातली नव्वद टक्के माहिती मिळून जाते. म्हणजे पूर्ण दिवसाच्या रजेऐवजी सकाळचा हाफ डे टाकून राउंड गाठायचा आणि दुपारी ऑफिस, असं चार दिवसांचं काम दोन दिवसांच्या रजेत होतं. आयसीयूच्या काळात हे फार छान जमतं. डॉक्टरांशी बोलणारी व्यक्ती मात्र एकच ठेवा, रोज वेगळा नातेवाईक वेगळे प्रश्न विचारतो आणि घरात चार वेगळ्या बातम्या फिरतात. दुसरीने इन्शुरन्स आणि बिलांची फाइल सांभाळावी, ते काम लांबून फोनवरही बरंचसं होतं, म्हणजे दुसऱ्या शहरातल्या बहिणीला तिथूनच करता येईल. आईला रात्री हॉस्पिटलमध्ये बसवू नका, तीच आजारी पडली तर दुसरी इमर्जन्सी.

रात्रभर हॉस्पिटलमध्ये जागून सकाळी थेट ऑफिस, हे एखाद दिवस ठीक, सलग नको. माणसं गाडी चालवताना डुलक्या काढतात, मेल चुकीच्या क्लायंटला जातो, आकडे चुकतात, आणि मग कामावर ठपका येतो तो आजारपणामुळे आलाय हे कोणी लक्षात ठेवत नाही. रात्र केलीत की दुसऱ्या दिवशी हाफ डे घ्या, रजा त्यासाठीच आहे.

रजा वाटून घेताना घरात एक बोलणं व्हायलाच पाहिजे, ते कोणी करत नाही. ज्याचा पगार कमी, ज्याची नोकरी "ॲडजस्ट होणारी", किंवा सरळ सांगायचं तर जी बाई आहे, तिनेच रजा घ्यायची असं न बोलता ठरून जातं. भाऊ असेल तर तो पैसे देतो आणि बहीण किंवा बायको दिवस देते. माझ्याकडे येणाऱ्या लांब रजेच्या अर्जांत बायकांचे अर्ज कायम जास्त असतात आणि प्रमोशन मागे पडलेल्यांतही त्याच दिसतात. पुरुषांनो, तुमच्याही खात्यात रजा आहे, ती वापरा. मुलगा म्हणून वडिलांची कूस बदलायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही.

वर्क फ्रॉम होम मिळत असेल तर घ्या, पण रजा आणि काम यांची भेसळ करू नका. हॉस्पिटलच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसलेला माणूस धड काम करत नाही आणि धड पेशंटकडे बघत नाही, आणि कंपनीच्या दृष्टीने तो त्या दिवशी पूर्ण कामावर असतो. वेळ बांधून घ्या, "रोज दुपारी दोन ते सहा मी उपलब्ध, बाकी रजा", आणि ते लेखी असू द्या. काम चार तासांचं आणि रजा अर्ध्या दिवसाची कापली गेली पाहिजे, पूर्ण नाही.

आता राजीनामा. हा विचार पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येतो, खास करून एकुलत्या एक मुलांच्या. तुमच्या मनात आलाय यात काही वावगं नाही. पण बघा, कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये तुमचे आईवडील डिपेंडंट म्हणून असतील तर बहुतेक पॉलिसींत शेवटच्या कामाच्या दिवशी ते कव्हर संपतं. पेशंट ॲडमिट असताना किंवा रिहॅब बाकी असताना ते गेलं तर? आजच एचआरला विचारा की वडील पॉलिसीत आहेत का, कव्हर किती, डिस्चार्जनंतरचा खर्च किती दिवसांपर्यंत मिळतो, आणि बिनपगारी रजेवर गेले तर कव्हर चालू राहतं का, कारण काही ठिकाणी आईवडिलांचा प्रीमियम पगारातून कापतात आणि पगारच नसेल तर तो वेगळा भरावा लागतो. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. भारतात असाल तर आईवडिलांच्या उपचारासाठी पीएफमधून पैसे काढायची सोय आहे, त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही. आणि स्ट्रोकसारख्या आजारात, हॉस्पिटलचं बिल भरून झालं तरी फिजिओ, केअरटेकर, औषधं हा खर्च महिनोन्महिने चालतो, तेव्हा घरात येणारा पगार लागतो. राजीनाम्याचा विचार करायचाच असेल तर डिस्चार्जनंतर एक-दीड महिन्याने करा, तोपर्यंत खरंच घरी राहायची गरज आहे की माणूस ठेवून भागतंय ते कळलेलं असतं. त्याआधी लांब बिनपगारी रजा, पार्टटाइम, शिफ्ट बदलून घेणं, हे सगळं मागून झालेलं असावं. मागितल्याशिवाय कोणी देत नाही आणि मागितल्यावर नाही म्हणाले तर काही गमावलेलं नसतं.

आठ महिन्यांवरून आणखी एक. तुमचं कन्फर्मेशनचं पत्र हातात आहे का बघा. प्रोबेशन चालू असेल तर बऱ्याच कंपन्या रजेचे दिवस प्रोबेशनमध्ये वाढवतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त आधी माहीत असावं. नवीन आहे म्हणून रजा मागायला कचरू नका. नवीन माणसाला सगळे याच काळात बघत असतात हे खरं, पण ते बघतात की हा कळवतो का, काम कोणाच्या तरी हाती देऊन जातो का. तेवढं केलंत तर आठ महिन्यांच्या माणसाला पण लोक सांभाळून घेतात.

हे कोणी मॅनेजर वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडं. "बघ तुला कसं जमतंय" असं म्हणू नका. तुम्हाला वाटतं आपण मोकळीक दिली, समोरच्याला वाटतं की परीक्षा चाललीये, तो दोन दिवस कमीच रजा घेतो आणि मनात धरून ठेवतो. स्पष्ट सांगा, शुक्रवारपर्यंत येऊ नकोस, तुझं काम अमुक बघेल, शुक्रवारी बोलू. हॉस्पिटलचे फोटो मागू नका. रोज "कसे आहेत" असा फोन करू नका, काळजीने केलात तरी त्याला तो हजेरीचा वाटतो, मेसेज टाका आणि उत्तराची वाट बघू नका. आणि तो परत आला की पहिल्याच दिवशी सगळं साचलेलं त्याच्या अंगावर टाकू नका, महत्त्वाच्या दोन-तीन गोष्टी द्या, बाकी हळूहळू.

परत येणाऱ्यानेही हे आधीच बोलून घ्यावं. रुजू होण्याच्या आदल्या दिवशी मॅनेजरला एक फोन, काय बदललं, काय अर्जंट आहे, आणि पुढच्या दोन महिन्यांत फॉलोअपच्या तारखा कुठल्या. या तारखा डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेल्या असतात, न्यूरोलॉजिस्ट, फिजिओ, रक्ताच्या तपासण्या, त्या दिवशीच कॅलेंडरवर टाका आणि त्यांच्यासाठी रजा आत्ताच लावून ठेवा. आधी सांगितलेली हाफ डे कोणालाच खुपत नाही, सकाळी साडेआठला मेसेज करून घेतलेली खुपते.

तुमच्यापुरतं सांगायचं तर ताई, मी असं करेन. आज आणि उद्या पूर्ण रजा, दोघी बहिणी तिथे. परवा डॉक्टरांशी नीट बोलणं, मग बहिणीने परत जावं आणि तिची रजा डिस्चार्जच्या आठवड्यासाठी राखून ठेवावी. तुम्ही आयसीयू आहे तोवर सकाळचे हाफ डे घ्या, एखादा जवळचा नातेवाईक दुपारी बसू शकतो का बघा, वॉर्डमध्ये हलवलं की दोन-तीन पूर्ण दिवस. घरी आणायच्या आधीच केअरटेकरची चौकशी करून ठेवा, पलंग, व्हीलचेअर भाड्याने मिळते का ते बघा, आणि नर्सकडून नळीने फीड द्यायला, कूस बदलायला, कॅथेटरची पिशवी रिकामी करायला स्वतः शिकून घ्या, व्हिडिओ काढून ठेवा, घरी गेल्यावर पहिल्या रात्री त्याचाच आधार असतो. डिस्चार्जनंतरचा पहिला आठवडा बहिणीचा, दुसरा तुमचा, त्यानंतर केअरटेकर आणि तुमचं अर्धवेळ घरून काम मिळतं का ते बघायचं. मॅनेजरला आज रात्रीच मेल टाका, त्यात या सगळ्या योजनेची गरज नाही, फक्त परवापर्यंतचं लिहा. इन्शुरन्सचं एचआरला वेगळ्या मेलवर विचारा, त्याचं उत्तर लेखी मिळालं पाहिजे. वडिलांच्या तब्येतीत फरक पडला, डॉक्टरांनी काही तारखा दिल्या, की परत विचारा, त्याप्रमाणे दिवस पुन्हा मांडून देते.